प्लॉटखालचा ओढा आणि एकाच बाईची तीन कामं

ही एका लँडस्केप आर्किटेक्ट बाईची गोष्ट आहे, आणि हे लिहायच्या आधी तिची परवानगी घेतली आहे. ऑफिसात सगळी पोरं तिला ताई म्हणायची म्हणून इथंही ताईच म्हणतो. बिल्डर, आर्किटेक्ट, प्रदर्शन भरवणारी संस्था यांची नावं देत नाही आणि जागेची खूण पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत. बाकी घडलं तसंच आहे. मी तिच्या ऑफिसात सहा वर्षं होतो, या कामाची अर्धी ड्रॉईंग माझ्या हातून गेली, त्यामुळे इथल्या काही चुका माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

ताई आधी आर्किटेक्ट झाली, मग पुण्यातच लँडस्केपचं, म्हणजे इमारतींभोवतीची बाग आणि मोकळी जागा आखायचं, मास्टर्स केलं. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली नोंदणी होते ती आर्किटेक्टची, लँडस्केपवाल्यांची वेगळी कायदेशीर नोंदणी नाही, त्यामुळे बहुतेक बिल्डरांच्या हिशोबात लँडस्केप म्हणजे बिल्डिंग उभी राहिल्यावर बोलवायचं काम. पहिली दहा-बारा वर्षं तिनं हेच केलं. बंगल्यांच्या बागा, दोन कॉलेज कॅम्पस, कंपन्यांची आवारं, आणि भरपूर पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती टाकून त्यावर झाडं जगवायची. त्यात ती वाकबगार होती आणि ऑफिस त्यावरच चालायचं.

मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, पुढं दांडेकर पुलापर्यंत आंबील ओढ्यानं काय केलं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या. ताईचं माहेर त्याच भागात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याच्या काठानं चालत निघाली आणि प्रत्येक भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आलीय ते खडूनं खूण करून फोटो काढत गेली. असं का करतेयस विचारलं तर म्हणाली, आठ दिवसात लोक रंग देतील, मग कोणालाच आठवणार नाही.

तिथून तिचा अभ्यास सुरू झाला. तिनं पीएचडीला वगैरे नाव घातलं नव्हतं, स्वतःच्या पैशानं आणि रविवारी रविवारी चालायचं. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, गावनकाशे, जुने सातबारे, आणि ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा. आंबील ओढा पेशवाईत वळवला गेला, त्याचं पाणी अडवून पर्वतीचं तळं झालं आणि त्या तळ्यातला गणपती आज सारसबागेत कोरड्या जमिनीवर आहे, हे आपण सगळे ऐकून असतो, पण ती ते नकाशावर दाखवायची तेव्हा ऐकणारा गप्प व्हायचा. अशा दोन-तीन भाषणांनंतर एका संस्थेनं तिला विचारलं की पुण्याच्या पाण्यावर प्रदर्शन करायचंय, तुम्ही क्युरेट कराल का, म्हणजे काय दाखवायचं आणि कसं मांडायचं ते ठरवाल का. नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रजच्या तळ्यापासून शहरात पाणी आणणारी जमिनीखालची नहर, तिच्यावरचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी बांधलेली उघडी तोंडं, काळा हौद, बदामी हौद, नागझरीचा ओढा, आंबील ओढा, सगळं त्यात येणार होतं. ती लगेच हो म्हणाली.

म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला एकाच बाईची तीन कामं चालू होती. डिझाईनमधून पगार निघायचे, प्रदर्शनामुळे नाव होत होतं, आणि जीव होता तो ओढ्यांच्या अभ्यासात. तिन्हीची फोल्डरं एकाच कॉम्प्युटरवर.

अडचण कशी समोर आली

त्याच वेळी ऑफिसात एक मोठं काम आलं होतं. दक्षिणेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याला साडेचार एकरांचा प्लॉट, चार टॉवर, मध्ये पोडियम, क्लबहाऊससमोर लॉन आणि कडेनं फॉक्सटेल पाम. मंजुरी झालेली, पायलिंगचं, म्हणजे पायाचे खांब (पाईल्स) जमिनीत घालायचं, मशीन साईटवर आलेलं. आम्ही कन्सेप्ट दिला होता, पहिला हप्ता आला होता.

प्रदर्शनात जमिनीवर पसरायला एक मोठा नकाशा करायचा होता, लोकांनी त्यावर चालत आपलं घर शोधायचं अशी कल्पना. त्यासाठी ताई एका रात्री जुने गावनकाशे आजच्या सॅटेलाईट फोटोवर बसवत होती. देऊळ, जुनी विहीर, शिवेचा दगड असे पक्के बिंदू धरायचे आणि नकाशा ताणून जुळवायचा, डोळे फुटायची वेळ येते. साडेअकराला तिचा मला फोन, अरे आपली साईट उघड, क्लबहाऊसची जागा सांग. मी सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, तिथून ओढा जातोय.

डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तिथं नाला नव्हता. बिल्डरनं काही लपवलं होतं असंही नाही, त्यानं जमीन घेतली तेव्हा शेत सपाट झालेलं होतं, आधीच्या कुणीतरी ट्रॅक्टरनं ओघळ बुजवून वर भराव टाकलेला. पण सातबारा काढला तर काही गुंठे पोटखराबा वर्ग ब लिहिलेला, रस्ता किंवा नाला अशा कारणासाठी तो लागतो, आणि कोणीच तो का लागलाय म्हणून विचारलं नव्हतं. मग मी आमचा ट्री सर्व्हे काढला. दीडशेच्या वर झाडं होती, नंबर लावून यादी केलेली, त्यात तीन उंबर आणि सात करंज. यादीत ती इकडं तिकडं विखुरलेली, पण प्लॅनवर ठिपके दिले तर दहाच्या दहा एका वाकड्या रेषेत आली. तो सर्व्हे मी स्वतः केला होता, दोन दिवस उन्हात उभा राहून एकेका झाडाचा घेर मोजला होता आणि ती रेष मला दिसली नव्हती. उंबर, करंज असे ओळीनं उभे असले की खाली पाणी असतं हे मी सेकंड इयरच्या पोरांना शिकवतो.

शेवटचा पुरावा बिल्डरच्याच कागदात होता. माती तपासणीला पाडलेल्या भोकांच्या नोंदीत, म्हणजे बोअरलॉगमध्ये, बाकी ठिकाणी दोन मीटरवर मुरूम, मग खडक, आणि क्लबहाऊसजवळच्या दोन बोअरमध्ये चार मीटरपर्यंत काळा गाळ आणि गोलसर गोटे.

इथं खरा पेच आहे. गावनकाशा सरकारी आहे, कोणीही फी भरून घेऊ शकतो. पण बोअरलॉग बिल्डरचा, आणि त्याच्याशी केलेल्या करारात साईटची माहिती बाहेर न देण्याचं कलम. नकाशा तिनं प्रदर्शनाच्या कामासाठी मिळवला, म्हणजे तो संस्थेच्या खर्चानं आला. ओढा ओळखायची नजर तिच्या स्वतःच्या अभ्यासातली. आता जे कळलं ते कोणाचं आणि कोणाला आधी सांगायचं?

समोर काय काय मार्ग होते

पुढचे आठ-दहा दिवस ऑफिसात दुसरं बोलणं नव्हतं.

गप्प बसणं हा एक मार्ग होता, आणि तो वाटतो तितका निर्लज्ज नाही. आमचं काम झाडं आणि फरशी, पाण्याचा निचरा बघायला वेगळा कन्सल्टंट, मंजुरी देणारे वेगळे, आमची फी बांधकामाच्या खर्चापुढं चिमूटभर. ऑफिसातल्या एका सिनियर मुलानं हे स्पष्ट बोलून दाखवलं, त्याच्या घरी कर्जाचे हप्ते होते आणि त्याचं म्हणणं मला तेव्हा चुकीचं वाटलं नाही. पण ताई नोंदणीकृत आर्किटेक्ट. १९८९ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत पहिल्या काही ओळींतच म्हटलंय की आर्किटेक्टचं काम पर्यावरणाची गुणवत्ता आणि समाजाचं पुढचं भलं या त्याच्या जबाबदारीच्या आड येऊ नये. तिनं ते पान प्रिंट काढून टेबलावर ठेवलं होतं.

काम सोडून द्यायचं हाही विचार झाला. स्वच्छ वाटतं ऐकायला, पण मग ओढा आहे तिथंच राहणार आणि नवा कन्सल्टंट त्यावर पाम लावणार, आमचे हात तेवढे कोरडे राहणार.

प्रदर्शनात त्या प्लॉटची हद्द आखून खाली ओढा दाखवायचा, यावर संस्थेतल्या एका अभ्यासक मित्राचा फार भर होता. त्याचं म्हणणं, चारशे वर्षांचं पाणी दाखवायचं आणि आज बुजतंय ते झाकायचं, याला क्युरेटिंग म्हणत नाहीत. ते ताईला लागलं, कारण ते बरोबर होतं. पण करार मोडला जाणार होता, आणि जो माणूस ऐकण्याची निदान शक्यता होती तो कायमचा शत्रू झाला असता.

उरलं ते बिल्डरला सांगणं, आणि सांगताना हातात पर्याय घेऊन जाणं.

काय केलं, आणि कुठं घोळ झाला

पहिली चूक लगेच झाली. ताईनं प्रोजेक्ट आर्किटेक्टला फोन केला आणि तोंडी सांगितलं. ते म्हणाले बघतो, साहेबांच्या, म्हणजे बिल्डरच्या, कानावर घालतो. त्यांनी घातलं की नाही माहीत नाही, पण मेल केला नव्हता त्यामुळे आमच्याकडे कागद नाही, आणि दरम्यान पाच आठवडे पायलिंग चालू राहिलं. एका टॉवरचे सगळे पाईल्स त्या पाच आठवड्यांत झाले. मेल करायला तिला संकोच वाटला, कारण लेखी दिलं की तक्रार केल्यासारखं दिसतं. हा संकोच आपल्या धंद्यात फार जणांना महागात पडलाय.

मग पाऊस आला. जुलैत एका रात्री चांगला पडला, ताई आणि मी गमबूट घालून साईटवर गेलो. वॉचमन काका शेडमध्ये चहा करत होते. बॅटरीच्या उजेडात पाणी दिसत होतं, सगळीकडून वाहत येऊन त्या तीन उंबरांच्या मधून, आमच्या लॉनच्या बरोबर मधून, एका रेषेत चाललं होतं आणि खालच्या कंपाउंडला जाऊन तुंबलं होतं. पाण्यावर थर्माकोलचा एक तुकडा होता, तो वळणं घेत घेत गेला, जसा गावनकाशावर ओढा वळलाय अगदी तसा. काका म्हणाले, "मॅडम, हितं दरसाली असंच साचतंय, पंप लावून काढतो आमी. साहेबांना काय सांगायचं त्यात." तीन पावसाळे त्यांना माहीत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

ताईनं व्हिडिओ काढला आणि त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर, बिल्डर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाले सगळ्यांना एका मेलमध्ये नकाशा, सातबारा, झाडांची रेष, बोअरलॉग आणि व्हिडिओ पाठवला. चार ओळींचा मजकूर, कोणावर बोट न दाखवता, आणि शेवटी मीटिंगची तारीख.

मीटिंगला साहेब आधी चिडलेलेच होते. म्हणाले, "ताई, मंजुरी आहे, डीपीत नाला नाही, आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" आत्ता का, याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ताईनं ते मान्य केलं, उशीर झाला म्हणाली, आणि मग निसर्ग, पर्यावरण यातलं काहीच न बोलता बेसमेंटवर आली. बुजवलेल्या ओढ्यात पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येणार, बेसमेंटच्या भिंतीला बाहेरून दाब बसणार, स्लॅबला खालून उचल मिळणार, दरवर्षी पंप, दरवर्षी वॉटरप्रूफिंग, आणि ताबा दिल्यावर पहिल्या पावसात दीडशे फ्लॅटधारकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. स्ट्रक्चरवाल्यांनी मान हलवली, त्यांनाही त्या दोन बोअरची शंका होती पण कुणी विचारलं नव्हतं. साहेबांचा मुलगा आत्तापर्यंत फोन बघत बसला होता, त्यानं तो उलटा ठेवला.

आमचा प्रस्ताव साधा होता. कायद्यानं सोडायचीच असलेली ओपन स्पेस एका कोपऱ्यात आहे, ती उचलून ओढ्याच्या रेषेवर आणा. पोडियम एका बाजूनं मागं घ्या. क्लबहाऊस सरकवा. लॉन रद्द करा आणि तिथं साधारण सहा मीटर रुंदीचा उघडा चर ठेवा, मध्ये उन्हाळ्यातल्या थोड्या पाण्यासाठी छोटी उघडी नाळी, दोन्हीकडं कोरडे दगड रचलेले, सिमेंट न भरता, म्हणजे फटीतून पाणी जिरेल आणि लव्हाळा, निर्गुडी आपोआप धरेल. जुने उंबर, करंज आहेत तिथंच. पामचे पैसे वाचतात ते दगडात घाला.

अडीच तास लागले. टॉवर हलणार नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं, पाईल्स झाले होते. बाकीचं बरंचसं मान्य झालं. सुधारित मंजुरीला चार महिने गेले, त्याचा खर्च साहेबांनी सोसला आणि हे मी इथं मुद्दाम लिहितोय, कारण बिल्डर म्हटलं की आपण पुढचं ऐकत नाही.

प्रदर्शनाचं काय झालं

ताईनं संस्थेला लेखी कळवलं की नकाशाच्या एका भागात माझं चालू काम आहे, तिथली निवड तुम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. संस्थेनं केली. शेवटी असं ठरलं की जमिनीवरच्या नकाशात शहरभरचे सगळे ओढे सारख्याच निळ्या रेषेत येतील, तो ओढाही येईल, पण आजच्या प्लॉटच्या हद्दी कुठंच नसतील. बुजलेल्या ओढ्यांवर चालू बांधकामांच्या फोटोंचं जे पॅनेल होतं ते गेलं.

अभ्यासक मित्र उद्घाटनाला आला नाही. माझं मत विचाराल तर तो निम्मा बरोबर होता. निळी रेष दाखवणं पुरेसं नव्हतं, दुसऱ्या भागातली, ताईचा संबंध नसलेली चार बांधकामं तरी तिथं हवी होती. एका प्लॉटच्या अडचणीपायी अख्खं पॅनेल काढलं गेलं आणि प्रदर्शन त्यानं मवाळ झालं. ताईला हे आजही पटत नाही, तिच्या मते आपला प्लॉट वगळून दुसऱ्यांचे दाखवणं हा अन्याय झाला असता.

पण जमिनीवरचा नकाशा लोकांनी डोक्यावर घेतला. मूळ कागद आत मंद उजेडात, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खाली ठेवायचे असतात त्यामुळे तिथं गर्दी थांबत नाही, आणि बाहेर या व्हिनाईलवर, म्हणजे प्लास्टिकच्या चादरीवर छापलेल्या नकाशावर, चपला काढून लोक तासन् तास. एक आजी गुडघ्यावर बसून बोटानं नागझरीची रेष धरून चालल्या होत्या, नातवाला सांगत होत्या इथं आम्ही गोधड्या धुवायचो.

निष्पन्न

चर झाला, एकशे दहा मीटर. दुसऱ्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये एका टॉवरखाली ओल आली, तोच टॉवर ज्याचे पाईल्स त्या पाच आठवड्यांत झाले होते. बाकी कोरडं राहिलं. उंबर तिन्ही आहेत, करंज सातातले पाच, दोन जेसीबीनं गेले.

प्रोजेक्टचा पुढचा फेज ताईला मिळाला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. ऑफिसातली दोन माणसं कमी करावी लागली, त्यातला एक तो हप्तेवाला मुलगा, आणि त्याच्याशी ताईनं बोलायचं टाळलं नाही पण ते सोपं गेलं नाही. अभ्यासासाठी बोअरलॉग वापरायची परवानगी मिळायला सात महिने गेले, शेवटी साहेबांच्या मुलानं दिली, प्लॉट नंबर न लिहिण्याच्या अटीवर.

परत करायचं झालं तर

ऑफिसात आता काही गोष्टी बदलल्यात. कुठलंही काम आलं की कन्सेप्टच्या आधी गावनकाशा आणि सातबारा, पोटखराबा दिसला की कशाचा ते विचारायचं. ट्री सर्व्हेची यादी करून थांबायचं नाही, जातीप्रमाणे रंग देऊन प्लॅनवर टाकायची. वॉचमनशी आणि शेजारच्या जुन्या घरात एकदा बोलायचं, याला अर्धा दिवस जातो. आणि करारात एक ओळ घातलीय की सरकार दरबारी कोणालाही मिळू शकणारे कागद गोपनीय धरले जाणार नाहीत. एका बिल्डरनं ती ओळ खोडून परत पाठवली, तेव्हा ताईनं ते काम घेतलं नाही.

मेल त्याच रात्री जायला हवा होता. पाच आठवडे म्हणजे एक टॉवर, याहून वेगळं काही मी सांगू शकत नाही.

प्रदर्शनाची जबाबदारी घेतानाच चालू कामांची यादी संस्थेला द्यायला हवी होती, हे ताईचं स्वतःचं म्हणणं. अर्ध्यात सांगितल्यामुळे संस्थेला घाईत ठरवावं लागलं आणि घाईत माणूस काहीतरी काढून टाकायचाच निर्णय घेतो. मला आणखी एक वाटतं, तिन्ही कामं वेगळी ठेवायचा तिचा आटापिटा सुरुवातीला फार होता, आणि ओढा सापडला तो नेमका ती तिन्ही एका स्क्रीनवर उघडली तेव्हाच. फक्त डिझाईन करणारीला तो नकाशा मिळाला नसता, फक्त क्युरेटरला बोअरलॉग.

खालच्या कंपाउंडपलीकडं एक जुनी सोसायटी आहे. ओढ्याचं पाणी आमच्या चरातून नीट जातं आणि त्यांच्या भिंतीखालच्या दोन फुटी पाईपाशी येऊन अडतं, गेल्या पावसाळ्यात वीतभर मागं चढलं. काकांनी व्हिडिओ पाठवला होता. ताईनं प्रदर्शनातला तो व्हिनाईलचा नकाशा गुंडाळून ठेवला होता, त्यातला त्या भागाचा तुकडा कापून ती सोसायटीच्या वार्षिक सभेला घेऊन गेली आणि पार्किंगमध्ये पसरला. लोक आपापली बिल्डिंग शोधत त्यावर उभे राहिले. सेक्रेटरी काका बराच वेळ पाईपाच्या जागी उभे होते, मग म्हणाले मोठा पाईप टाकायचा खर्च किती येईल ते लिहून द्या, पुढच्या मीटिंगला ठेवतो. ताईनं या वेळी तो मेल त्याच रात्री पाठवला. मीटिंग अजून व्हायची आहे.